आधी पाणी ओळखू, मग फिल्टर घेऊ

'ताई, तुमच्याकडे पुण्यात कोणता फिल्टर आहे? कंपनीचं नाव सांगा, तोच घेऊन टाकते. रोजची कटकट नको.'

तेल्हाऱ्याहून वहिनींचा फोन होता. समोरच्या खोलीत विक्रेता मुलगा बसलेला, हप्ता ठरलेला, आमच्या दादाचा होकार मिळालेला. नणंदबाईंनी फक्त नाव सांगायचं राहिलं होतं.

मी म्हटलं, 'वहिनी, आमच्याकडचा फिल्टर तुमच्या पाण्याला चालेलच असं नाही. आणि खरं सांगू का, घरात फिल्टर आहे म्हणून आम्ही इथे निर्धास्त आहोत असंही नाही.'

त्यांना ते काही पटलं नाही. पुणं म्हणजे खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं असलेलं शहर. तिथल्या बायकांना पाण्याची कसली काळजी? मग मी त्यांना २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्यावर काय झालं ते सांगितलं. तेच आज तुम्हालाही सांगावंसं वाटतंय, कारण फिल्टर घेण्याआधी प्रत्येकीने ऐकावी अशी ही गोष्ट आहे.

धरण उशाला

त्या महिन्यात नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला, नांदोशी या भागांत एका चमत्कारिक आजाराचे पेशंट एकाएकी वाढले. आधी जुलाब, उलट्या, पोटदुखी. आपण म्हणतो, बाहेरचं काही खाल्लं असेल. चार दिवसांत बरंही वाटायचं. मग आठ-पंधरा दिवसांनी पायांना मुंग्या यायच्या, जिना चढवायचा नाही, हातातला पेला धरवायचा नाही. काहींना श्वास घ्यायलाही यंत्र लावावं लागलं. या आजाराचं नाव गुलेन बॅरी सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. शरीराची जी प्रतिकारशक्ती जंतूंशी लढते, तीच वाट चुकून आपल्याच नसांवर हल्ला करते. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही आणि जुलाब झालेल्या प्रत्येकाला होतो असंही नाही. एरवी तो अगदी क्वचित दिसतो. पण पुणे परिसरात त्या दोन-तीन महिन्यांत दोनशेहून अधिक संशयित रुग्ण सापडले आणि संशयित धरून दहाहून अधिक जण दगावले. यात लागणारी इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं एकेक वीस हजारांच्या घरातली, आणि ती एकदोन देऊन भागत नाही. पुढे सरकारी रुग्णालयांत मोफत उपचारांची सोय जाहीर झाली. पण तोवर कितीतरी घरांतल्या पाटल्या-बांगड्या कपाटातून बाहेर निघाल्या असतील.

केंद्राचं पथक आलं, पुण्यातल्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत नमुने तपासले गेले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला. दोन्ही दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जाणारे. कॅम्पिलोबॅक्टर तर अर्धवट शिजलेल्या चिकनमधूनही जातो. संशयाची सुई पाण्याकडे वळली.

आता गंमत बघा. गंमत कसली, दुर्दैवच. ही सगळी वस्ती खडकवासला धरणाच्या पायथ्याशी. धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात, त्यातलाच प्रकार. शहराला जाणारं पाणी जलशुद्धीकरण केंद्रातून गाळून, क्लोरीन घालून जातं. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नांदोशी ही गावं २०२१ साली महापालिकेत आली. मोठमोठ्या सोसायट्या आधीच उभ्या होत्या. शुद्धीकरणाची यंत्रणा मात्र गावांपर्यंत पोचली नव्हती. नांदेडच्या विहिरीत धरणाचं पाणी यायचं, त्यात ब्लीचिंग पावडर टाकली जायची आणि तेच नळाला. पावडरने क्लोरीन मिळतं हे खरं, पण पाणी नीट गाळलेलं नसेल तर गढूळपणाच्या आडोशाला जंतू टिकून राहतात. शिवाय पावडरचं प्रमाण चुकलं की शेवटच्या घरापर्यंत क्लोरीन पोचतच नाही.

हे असं फक्त पुण्यातच होतं असं समजू नका. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली, ती पाण्यातूनच. २०२२ च्या पावसाळ्यात मेळघाटातल्या पाचडोंगरी, कोयलारीत उघड्या विहिरीचं पाणी पिऊन माणसं दगावली. आणि २०२५ च्या अखेरीस स्वच्छतेचे पुरस्कार मिरवणाऱ्या इंदूरमध्ये, भागीरथपुऱ्यात, पिण्याच्या लाइनीत सांडपाणी मिसळलं आणि तिथेही जीव गेले.

'आम्ही तर आरओचंच पितो'

सिंहगड रस्त्यावरची खरी शिकवण वेगळीच आहे. नळाच्या पाण्यावर भरवसा नाही म्हणून तिथली कित्येक घरं वीस लिटरचे जार विकत घेत होती. जारवर 'आरओ' लिहिलेलं, मग काळजी कसली? महापालिकेने तपासणी केली तेव्हा खासगी आरओ प्लांटच्या काही नमुन्यांतही घाणीचे जंतू निघाले. सुमारे तीस प्लांट बंद करण्यात आले. सीलबंद बाटलीला परवाना लागतो, पण खुल्या जारवर नजर कुणी ठेवायची याचा घोळ त्या वेळी चव्हाट्यावर आला.

आरओच्या पाण्यात जंतू आले कसे? कारण साधं आहे. आरओ यंत्र पाण्यातले क्षार काढतं, तसं त्यातला कार्बन क्लोरीनही काढून टाकतो. क्लोरीन म्हणजे पाण्याबरोबर चालणारा राखणदार. तो गेला की पुढचं सगळं स्वच्छतेवर अवलंबून. टाकी नीट धुतलेली नसली, जार नुसता विसळला, भरणाऱ्याचा हात आत गेला, की जंतूंना मोकळं रान. घरातल्या आरओच्या टाकीलाही हेच लागू. आत बोट फिरवून बुळबुळीत लागलं तर समजायचं की आपण यंत्राला पैसे दिले, पण साफसफाईला वेळ दिला नाही.

विक्रेत्याचे दोन प्रयोग

आपल्याकडे दारोदार फिरून फिल्टर विकायची पद्धत १९८० च्या दशकात ॲक्वागार्डने रूढ केली. टाय लावलेला तो मुलगा आपल्या सगळ्यांच्या आठवणीत आहे. पुढे बिनविजेचे स्वस्त फिल्टर आले. २००९ मध्ये टाटांचा 'स्वच्छ' हजार रुपयांच्या आत आला, तेव्हा किती कौतुक झालं होतं! आता बाजार आरओचा आहे, आणि तो विकताना दोन प्रयोग हमखास दाखवले जातात.

पहिला प्रयोग, पेल्यात दोन सळया बुडवून वीज सोडायची. आपल्या नळाचं पाणी बघता बघता गढूळ, तपकिरी होतं आणि त्याच्या आरओचं तसंच राहतं. 'बघा काकू, काय पिताय तुम्ही!' काकूंच्या पोटात गोळा. अहो, ती घाण पाण्यातली नसतेच. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंडाची सळई झिजून तिचाच गंज उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यासारखे असतात, म्हणून वीज वाहत नाही आणि सळई झिजत नाही. त्या आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा. तेही तपकिरी होईल.

दुसरा प्रयोग टीडीएस मीटरचा. काडीसारखं यंत्र पाण्यात बुडवलं की आकडा दिसतो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. जंतू किती आहेत ते हा आकडा सांगत नाही. लिंबाच्या सरबतात मीटर बुडवलं तर आकडा भराभर वर चढेल, म्हणून सरबत विषारी होत नाही. आणि सांडपाणी मिसळलेल्या नळाच्या पाण्याचा टीडीएस दोनशेही येऊ शकतो. सिंहगड रस्त्यावर संशय क्षारांवर नव्हता, जंतूंवर होता. तो शोधायला हे मीटर उपयोगाचं नव्हतं.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलीग्रॅमपर्यंत टीडीएस चांगला मानतात. दुसरी सोय नसेल तिथे २००० पर्यंत चालवून घेतात. सह्याद्रीत पडलेल्या पावसाचं धरणाचं पाणी साधारण दोनशेच्या आतलंच असतं. अशा पाण्याला आरओ लावणं म्हणजे धुतलेल्या तांदळाला पुन्हा साबण लावण्यासारखं. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ साली म्हटलं होतं की, ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घालावी. कारण एक लिटर शुद्ध पाण्यामागे घरगुती आरओ दोन-तीन लिटर पाणी सोडून देतो. चौथ्या-पाचव्या दिवशी नळ येणाऱ्या गावात ते पाणी भरणार कोण? हंडा कुणाच्या कमरेवर?

मग घ्यायचा कोणता?

मी वहिनींना म्हटलं, 'कंपनी नंतर बघू. आधी सांगा, तुमच्याकडे पाणी येतं कुठून?'

'नळ आला तर वान धरणाचं, गोड. नाही आला की बोअरचं. डाळ शिजत नाही त्यात.'

इथेच सगळं उत्तर होतं. तेल्हाऱ्याकडचा बराच भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी मुळातच खारं. एकाच घरात दोन प्रकारचं पाणी, आणि दोघांची दुखणी वेगळी. नळाच्या पाण्यात भीती जंतूंची, बोअरच्या पाण्यात क्षारांची.

जंतूंसाठी उपाय बरेच आहेत. यूव्ही यंत्रातल्या दिव्याचा अतिनील प्रकाश जिवाणू आणि विषाणू दोन्ही निकामी करतो. त्याला वीज लागते आणि पाणी नितळ लागतं. गढूळ पाण्यात जंतू कणांच्या सावलीत लपतात. यूएफ यंत्राला वीज लागत नाही, त्याच्या बारीक नळ्या गाळ आणि जिवाणू अडवतात, पण विषाणूंची खात्री तितकी नाही. आपला जुना कँडलचा फिल्टर गाळ आणि बरेचसे जिवाणू अडवतो, विषाणू नाही. म्हणून साथीच्या दिवसांत कँडलचं पाणी उकळूनच घ्यावं. यांपैकी एकही क्षार काढत नाही.

क्षार, फ्लोराइड, नायट्रेट असेल तर मात्र आरओला घरगुती पर्याय फारसा नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत फ्लोराइड आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या अनेक विहिरी-बोअरमध्ये नायट्रेट जास्त असल्याचं केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत आलं आहे. असं पाणी उकळून उपयोग नाही. उलट पाणी आटतं आणि त्यातला दोष दाट होतो. तान्ह्या बाळाला दूध कालवून देताना तर हे पक्कं लक्षात ठेवायला हवं.

आपलं पाणी कोणतं हे कळायला विक्रेत्याची गरज नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा जिल्ह्याच्या आणि उपविभागाच्या ठिकाणी आहेत. बाटली कशी भरायची ते तिथे आधी विचारून घ्या, कारण जंतूंच्या तपासणीची बाटली वेगळी असते. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं शिक्षण देऊन किट द्यायचं असं ठरलेलं आहे. आपल्या गावातल्या त्या पाचजणी कोण, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा तर खरं.

आणि ज्यांना फिल्टर परवडत नाही त्यांनी काय करायचं? त्यांनी स्वतःला कमी समजायचं कारण नाही. खळखळून उकळी आल्यावर एक-दोन मिनिटं ठेवलेलं पाणी जंतूंच्या बाबतीत कुठल्याही यंत्राच्या तोडीचं असतं. गॅस महाग वाटत असेल तर मेडिक्लोर आहे. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात थेंब टाकायचे आणि अर्धा तास थांबायचं. फार काय, आपल्या आजी-पणजी जुन्या लुगड्याच्या चार पदरी घडीतून पाणी गाळायच्या ना, त्याचाही अभ्यास झालेला आहे. बांगलादेशातल्या ६५ गावांत जुन्या साडीच्या निदान चार पदरांतून पाणी गाळायला लावलं, तर कॉलरा जवळजवळ निम्म्याने कमी झाला. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्याने म्हणजे पूर्ण नव्हे, त्यामुळे गाळून थांबायचं नाही, उकळायचंही. तुरटीचंही तसंच. तिने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत.

हिशेब कुणाच्या नावावर?

एवढं सगळं समजून घ्यायचं कुणी? अर्थात घरातल्या बाईने. पाणी भरायचं तिने, उकळायचं तिने, कँडल घासायची तिने. आणि पोराला जुलाब झाले की पहिला प्रश्नही तिलाच, 'काय पाजलंस त्याला?' नळाला काय आलं होतं, हे कुणी महापालिकेला विचारत नाही.

मला खटकतं ते हे. पाणीपुरवठा हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे, असं १९४९ चा महापालिकांचा कायदा सांगतो. त्यासाठी आपण पाणीपट्टी भरतो. मग त्याच पाण्यासाठी फिल्टरचा हप्ता भरतो, वर्षाचा मेंटेनन्स भरतो आणि पाहुणे आले की वर जारही मागवतो. एका पेल्याचे चार वेळा पैसे. ज्यांना जमतं ते भरतात. आपल्याकडे धुण्या-भांड्याला येणारी बाई मात्र दुपारी जाताना आपल्या फिल्टरमधून बाटली भरून नेते, कारण तिच्या वस्तीतला नळ आणि आपला नळ एकाच लाइनीचा असला तरी तिच्या ओट्यावर यंत्र नाही. ज्यांची ऐपत आहे त्यांनी आपापल्या घरापुरता प्रश्न सोडवला की नळाच्या पाण्याबद्दल ओरडणारं कुणी उरत नाही. फिल्टरचं हे नुकसान कुठल्याच मीटरवर दिसत नाही.

जीबीएसची साथ आली तेव्हा पुण्यात नगरसेवकही नव्हते. २०२२ च्या मार्चपासून कारभार प्रशासकाच्या हातात होता. नळाला गढूळ पाणी आलं तर वॉर्डातल्या कुणाचा दरवाजा वाजवायचा, हेच लोकांना कळत नव्हतं. आपल्या राज्यात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत. ती सरपंचबाई, ती नगरसेविका आपल्यासारखीच ओट्यापाशी उभी राहिलेली असते. तिला विचारायचे प्रश्न फार अवघड नाहीत. टीसीएल पावडर किती दिवसांची शिल्लक आहे? टाकी शेवटची कधी धुतली? गावाच्या टोकाच्या नळावर ओटी टेस्ट कधी केली? ओटी म्हणजे पाण्यात थेंब टाकून रंग बघायचा. पिवळा आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. नळापाशी लिटरला किमान ०.२ मिलीग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं, असं मानक सांगतं. ही टेस्ट आपल्या डोळ्यांसमोर करा असं म्हणायचा आपल्याला हक्क आहे. हळदीकुंकवाला पंधरा जणी जमतो, तर वाण देऊन झाल्यावर एवढं एक पत्र लिहून सगळ्यांच्या सह्या घ्यायला किती वेळ लागतो?

वहिनींनी त्या मुलाला त्या दिवशी परत पाठवलं. बोअरच्या पाण्याची बाटली तपासायला दिली. टीडीएस बाविसशे निघाला. मग त्यांनी आरओच घेतला, पण बोअरच्या दिवसांपुरता. वान धरणाचं पाणी येतं तेव्हा ते गाळून, उकळून पितात आणि यंत्र फार दिवस बंद राहिलं तर पहिलं पाणी सोडून देतात. आरओतून वाहून जाणारं खारं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला घेतात. परवा पुन्हा फोन आला. मला वाटलं, यंत्र बिघडलं.

'नाही हो ताई, यंत्र छान आहे. आमच्या गल्लीतल्या नऊ जणी मिळून नगरपालिकेत गेलो होतो. ओटी टेस्ट करा म्हटलं. साहेब म्हणाले, तुम्हाला कुणी शिकवलं? मी म्हटलं, आमच्या ताईंनी.'

'मग केली का टेस्ट?'

'सोमवारी या म्हणालेत. जाणार आहोत. नऊच्या नऊ.'

ओट्यापाशी लावून ठेवा

• फिल्टर घेण्याआधी पाणी कुठलं आहे ते ठरवा. धरण-नदीचं असेल तर बहुधा यूव्ही किंवा यूएफ पुरतो. बोअरचं असेल तर आधी तपासणी, मग निर्णय.

• किमतीबरोबर वर्षाचा खर्च विचारा. कार्ट्रिज, कँडल, मेंब्रेन, यूव्हीचा दिवा किती महिन्यांनी बदलायचा, केवढ्याला आणि आपल्या गावात मिळतो का, हे लिहून घ्या.

• बदलल्याची तारीख गॅसच्या नोंदीशेजारी कॅलेंडरवर लिहा. जुनी कार्ट्रिज जंतूंचं घर होते.

• कँडल मऊ ब्रशने साध्या पाण्याखाली घासा, साबण लावू नका. चीर गेली किंवा पातळ झाली की बदला.

• वीज गेली तर यूव्हीचं पाणी घेऊ नका. तेवढ्यापुरतं उकळून घ्या.

• साठवण्याचं भांडं झाकणाचं आणि तोटीचं असावं. तोटी नसेल तर दांडीचं ओगराळं वापरा. पेला बुडवू नका.

• साथ चालू असेल तर जारच्या पाण्यावरही विसंबू नका. उकळा.

• जुलाबानंतर काही दिवसांनी पायांत मुंग्या, अशक्तपणा वाटला, चालताना तोल जायला लागला, तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.